मोतीबाईची अठरावी कवडी

मोतीबाईच्या घरी गेलं की चहा साखरेचा मिळायचा. आमच्याकडे त्या काळी साखर म्हणजे पाहुण्याचा मान, रोजचा चहा गुळाचा. पण तिच्या घरात १९६३ च्या वैशाखानंतर गुळाचा खडा माणसाच्या हातावर कधी पडला नाही. गूळ असायचा, बैलासाठी. कोणी विचारलं तर म्हणायची, "बैल खाऊन शब्दाले मुकरत नाई." लोक हसायचे, तीही हसायची. मी हसत नव्हते, कारण त्या गुळाची गोष्ट मला ठाऊक होती आणि तिच्यात माझाही हात होता.

अरुणावती नदीच्या अलीकडे आमचं गाव आणि पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. आर्णीचा बाजार दोघांचा एकच. मोतीबाई माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी, उंच, दंडापासून मनगटापर्यंत बांगड्या. ती चालायला लागली की आधी आवाज यायचा, मग ती. आमची ओळख कापसाच्या वेचणीत झाली. माझी एक ओळ संपेपर्यंत तिच्या दोन व्हायच्या. मग ती माझ्या ओळीला समोरून लागायची आणि म्हणायची, "कांता, तू कापूस वेचून राह्यली का त्याच्याशी बोलून राह्यली?" अशी आमची मैत्री.

छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. माझे मालक, नागोराव, नागपूरहून परत आले ते पाटी घेऊनच. सव्वीस वर्षांची बाई चुलीपुढे बसून अ आ गिरवते म्हणून शेजारच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. मी गिरवलं. जोडाक्षर आलं की आजही दम खाते, पण पाटी वाचता येते, पत्र वाचता येतं. तांड्यात तेव्हा बायांपैकी कोणालाच वाचता येत नव्हतं. म्हणून मोतीबाईचं येणारं जाणारं पत्र माझ्याकडे. ती अभिमानानं सांगायची, "माह्ये डोळे नदीच्या पल्याड राह्यतात."

आता झुलीचं सांगते. मोतीबाईच्या घरी बैलाच्या पाठीवर टाकायची एक जुनी झूल होती. लाल आणि निळ्या कापडाचे तुकडे, मधे बोटाएवढे आरसे, कडेला सुती गोंडे. तिचे आजेसासरे बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, त्या वेळची. तांड्यातली मुलगी सासरी जाते तेव्हा सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून रडत गाते, आईचं नाव घेते, बापाचं, गायीवासरांचं, तांड्याचं. त्या रडगाण्याला ते ढावलो म्हणतात. मी नदीच्या अलीकडून पुष्कळदा ऐकलंय. भाषा कळत नाही, तरी हातातलं काम थांबतं.

मोतीबाईच्या घरच्या पोरी या झुलीवर उभ्या राहायच्या. तांड्याच्या शिवेवर पोरगी उतरली आणि बैल रिकामा परत आला की तिची आई झुलीच्या कडेला एक कवडी टाचायची. गेलेल्या प्रत्येक लेकीची एक कवडी. अशा सतरा होत्या. मोतीबाईला सतराही नावानिशी सांगता यायच्या, ज्यांना तिनं पाहिलंही नव्हतं त्यासुद्धा. सासू मानीबाईनं मरताना तिच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. सतराव्या कवडीशेजारी मोतीबाईनं लाल दोऱ्याचं एक कडं काढून ठेवलं होतं, आत काही नाही. ते रुपीचं, तिच्या एकुलत्या एका लेकीचं. कवडीसुद्धा घेऊन ठेवलेली, ओढणीच्या टोकाला गाठीत.

सदाशिवराव मास्तर तांड्याच्या शाळेवर एकोणसाठ साली आले. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. म्हटलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. रुपीला शाळेत बसवलं ते त्यांनीच. धावजीच्या, म्हणजे मोतीबाईच्या मालकाच्या, जमिनीचा अर्ज लिहून दिला तोही त्यांनीच. मोतीबाईनं त्यांना राखी बांधली आणि भिया म्हणायला लागली, भिया म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. मास्तरांना जुन्या वस्तूंचा नाद होता. कोणाच्या घरी फुटकी समई दिसली तरी उचलून उलटी करून पाहायचे.

एकसष्टच्या पावसाळ्यानंतर ते सांगत आले की यवतमाळला वस्तुसंग्रहालय उघडणार आहे. शहरातल्या मोठ्या लोकांनी मंडळ काढलंय, दोन खोल्या मिळाल्यात. जिल्ह्यातली एकेक वस्तू तिथे काचेत राहील. तुमच्या लोकांनी बैलांवर सारा मुलूख कसा पोसला ते जगाला कळलं पाहिजे, तुमची झूल द्या, खाली तुमचं नाव लिहितील. मोतीबाई म्हणाली की झूल रुपीच्या लग्नाला लागते. मास्तर म्हणाले की लग्नाआधी स्वतः आणून देतो, तोवर लोकांना पाहू द्या.

मोतीबाई आत गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली. मास्तरांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी तोंडात टाकला, छान आहे म्हणाले, वर पाणी प्याले आणि झूल घेऊन गेले.

इथं थांबून सांगावं लागेल. तांड्यात सोयरीक ठरते ती पंचांसमोर गूळ खाऊन. एकदा गूळ खाल्ला की शब्द मोडत नाही, मग दुष्काळ पडो की नवरदेव लंगडा निघो. कागद नाही, सही नाही. मोतीबाईनं मास्तरांना गूळ दिला तो पाहुणचार म्हणून नाही. धावजी तिला म्हणाला होता की मास्तर शिकलेला आहे, एक चिठ्ठी घेऊन ठेव. ती त्याच्यावरच चिडली. गूळ खाल्लेल्या भावाकडून चिठ्ठी मागायची, म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं.

त्याच वर्षीच्या थंडीत आम्ही दोघी यवतमाळला गेलो. आमच्यासाठी उत्तरेला तेवढंच शहर. आर्णीहून मोटारीनं निघालो, मोतीबाईला उलटी झाली, ड्रायव्हरला तिनं त्यांच्या बोलीत काय काय म्हटलं ते त्याला कळलं नाही हे बरं. ती आली होती झूल पाहायला. मला नेलं होतं खालचं नाव वाचायला.

वस्तुसंग्रहालय हे नाव आम्हाला कठीण, तिथले लोकच त्याला छोटा अजबबंगला म्हणत होते. दारावर डोमाजी नावाचा शिपाई. बोलता बोलता तो आमच्या जाऊबाईच्या माहेरच्या नात्यातला निघाला. मी विचारलं, चपला कुठं ठेवायच्या, आत जाऊ द्याल ना? तो म्हणाला, "मामी, कोणीबी जाते आतमधी. फक्त हात नाई लावायचा." तेवढी मोठी इमारत आणि कोणीबी जाते, हे ऐकून मी पदर नीट केला.

आत पेंढा भरलेला वाघ होता. त्याच्या पोटाची शिवण उसवून पेंढा बाहेर आला होता. मोतीबाई म्हणाली, "याले बी कोणी टाके घाला वो." पुढं दगडाच्या कुऱ्हाडी, नाणी, नाक तुटलेल्या मूर्ती, गंजलेल्या तलवारी. आणि एका कोपऱ्यात जातं. साधं दळायचं जातं, खुंट्यासकट, माझ्या घरच्यासारखंच. मी त्याच दिवशी पहाटे तसल्याच जात्यावर दळून आले होते. हात दुखत होते आणि समोर ते दोरी लावून मांडलेलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की डोमाजी पाहायला आला.

दुसऱ्या खोलीत झूल. भिंतीवर, काचेमागं, उंचावर ताणून लावलेली. कडेवर लाकडी पट्टी आलेली, त्यामुळं कवड्या अर्ध्याच दिसत होत्या. तरी मोतीबाईचा चेहरा, काय सांगू. हात जोडून उभी राहिली. मग म्हणाली, "वाच."

खाली पांढऱ्या पुठ्ठ्यावर छापील अक्षरं होती. मी एकेक लावत गेले. बैलाची झूल. बंजारा जमात. आणि मग लिहिलं होतं, भेट, श्री. सदाशिवराव, शिक्षक. मी पुन्हा वाचलं. खाली अजून काही असेल म्हणून पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत गेले. काही नव्हतं.

"माह्यं नाव हाय ना?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून उलटीनं पोट रिकामं, अंगावर सणाचे कपडे, आणि डोळे त्या पुठ्ठ्यावर असे लावलेले की जणू आता ते तिलाच वाचता येणार. मी म्हटलं, "हाय. मोतीबाई धावजी. असं लिवलं हाय."

"कुठंसं?"

मी बोट ठेवलं. शिक्षक या शब्दावर.

तिनं त्या शब्दाकडे लांबूनच हात करून तो कपाळाला लावला. मी तेव्हा मनाला समजावलं की मास्तर झूल आणून देणारच आहेत, पुठ्ठा तिथं राहील, झूल घरी येईल, खोटं कोणाच्या अंगाला लागणार नाही. दळलेल्या पिठात चिमूटभर जास्त मीठ, इतकंच. परत येताना मोतीबाई मोटारीत उलटी न करता गाणं म्हणत होती.

वर्षभर सारा तांडा तिला नाववाली म्हणायचा. कोणी यवतमाळला निघालं की ती सांगायची, "दुसऱ्या खोलीत जा, खालून दुसरी ओळ." आणि जाणाऱ्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हतं. ते परत येऊन सांगायचे, हो, पाहिलं. मी नदीच्या अलीकडे बसून एकेक दिवस ढकलत होते.

त्रेसष्टच्या वैशाखात रुपीचं लग्न ठरलं. मास्तरांची तोवर पुसदला बदली झालेली. स्वतःच्या लग्नाचं पत्र रुपीनं कसं लिहायचं, म्हणून मोतीबाईनं माझ्याकडून लिहून घेतलं की भिया, झूल आण. उत्तर आलं. ते मी खरं वाचलं, तेवढं तरी. लिहिलं होतं की मी शाळेच्या कामात आहे, तुम्हीच यवतमाळला जा, साहेबांना माझं नाव सांगा, ते देतील.

आम्ही पुन्हा गेलो, लग्नाला बारा दिवस राहिले असताना. वाघाला कोणीतरी टाके घातले होते. डोमाजीनं ओळख ठेवून काच उघडली आणि साहेब येईपर्यंत हात लावून घ्या म्हणाला. मोतीबाईनं झुलीची कड हातात घेतली आणि बोटानं कवड्या म्हणायला लागली. कोणाची कोणती ते हळू आवाजात. सतरावर थांबली. मग तिचं बोट पुढं सरकलं.

लाल कड्याच्या आत एक कवडी होती. नवीकोरी, पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेली, शिंप्याच्या हातची.

"हे कोणाची?" ती म्हणाली.

डोमाजीला वाटलं ती खुश झाली. तो सांगत सुटला की मास्तरांनी झूल इकडे आणायची ठरवली तेव्हा तिथं जागा मोकळी दिसत होती, फोटो काढायचा होता, म्हणून त्यांनी आर्णीतूनच शिंप्याकडून पुरी करून आणली. मोतीबाई ऐकत होती. तिनं ओढणीच्या टोकाची गाठ मुठीत धरली होती, ज्यात रुपीची कवडी होती. नखांनी ती पांढरा दोरा उसवायला लागली. डोमाजीनं घाबरून तिचा हात धरला.

तेवढ्यात साहेब आले. माणूस शांत, चष्म्याचा. सगळं ऐकून त्यांनी रजिस्टर मागवलं. त्यात लिहिलं होतं की वस्तू मास्तरांनी भेट दिलेली आहे, कायमची. ते म्हणाले, "भेट परत देण्याची पद्धत नाही, बाई. ज्यांनी दिली तेही मागू शकत नाहीत."

"पण भियानं गूळ खाल्ला हाय," मोतीबाई म्हणाली.

साहेबांना काही कळलं नाही. मग तिनं तिच्याकडे होता तो शेवटचा पुरावा काढला. पुठ्ठ्याकडे हात केला आणि ताठ उभी राहून म्हणाली, "झूल माह्यी हाय. तुम्हीच तं खाली माह्यं नाव लिवलं."

साहेबांनी चष्मा वर केला आणि पुठ्ठा मोठ्यानं वाचला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. छापील आवाजात वाचतात तसं. त्यात मोतीबाई नव्हती.

ती माझ्याकडे वळली. रागानं पाहिलं असतं तर मी बोलले असते. ती नुसती पाहत राहिली. आपलंच माणूस आहे की दुसरं कोणी, ते ठरवता येत नसल्यासारखी. मी म्हटलं, "मोतीबाई, मले वाटलं, तुले बरं वाटंल." तिनं काचेच्या कडेवर डोकं टेकलं, सतरा जणींना नमस्कार केला आणि बाहेर गेली.

मोटारीत आम्ही शेजारी बसलो होतो. मधे तिचं गाठोडं होतं. जाताना ते तिच्या मांडीवर होतं.

लग्नाला मास्तर आले. राखीचा भाऊ म्हणून रुपीसाठी लुगडं घेऊन आले, हे मी नोंदवून ठेवते. कोणाला वाटेल तोंड चुकवलं असेल, तर नाही. ते मांडवात येऊन बसले आणि मोतीबाईला म्हणाले की मोठं काम झालं, हजारो लोक तुमची कला पाहतील. साऱ्या तांड्यासमोर तिनं एकच विचारलं, "भिया, तू माह्या घरी गूळ खाल्ला होता का नाई?"

मास्तर हसले. मनापासून हसले, तेच वाईट. "अहो ताई, गूळ तर मी सगळ्यांच्याच घरी खातो."

पंच खाली पाहायला लागले. मोतीबाईनं लुगडं घेतलं, घडी केली आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. जेवून जा म्हणाली. मास्तर जेवून गेले. त्यांना लुगडं का परत आलं ते बहुधा आजवर कळलं नसेल.

बैल सजवला होता, पण पाठ उघडी. मी घरून माझी सर्वांत चांगली वाकळ आणली होती, नवी, चार लुगड्यांची. तिच्यापुढं धरली आणि म्हटलं, ही टाक. तिनं वाकळीवरून एकदा हात फिरवला, टाके पाहिले. मग दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली.

"राहू द्या, कांताबाई," ती म्हणाली.

तोवर मी कांता होते, आणि तू होते. कापसाच्या ओळीतली, दहा वर्षांच्या ओळखीची.

रुपी कापसाच्या रिकाम्या बोऱ्यावर उभी राहून गायली. बैल परत आला तेव्हा मोतीबाईनं ओढणीची गाठ सोडली नाही. टाचायला काही नव्हतं. बोरा तर शेतमालकाचा, दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता.

त्या पावसाळ्यात मी एकटी यवतमाळला गेले. घरी सांगितलं, जाऊबाईकडे जाते. वहीच्या कागदावर मी मोतीबाई धावजी असं लिहून नेलं होतं, चारदा लिहून सर्वांत चांगलं निवडलेलं. कणकेच्या खळीनं पुठ्ठ्याच्या खाली चिकटवलं. डोमाजी वाघाकडे तोंड करून उभा राहिला, मला दिसलं. दिवाळीला तो भेटला तेव्हा म्हणाला की कागद पंधरा दिवस राहिला, मग साहेबांनी काढायला लावला. पंधरा दिवस तरी माझं बोलणं खरं होतं. हे मी मोतीबाईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला वाचून दाखव म्हणावं लागलं असतं, आणि माझ्या वाचण्यावर आता तिचा विश्वास कुठला.

ती माझ्याशी भांडली नाही, बोलणं सोडलं नाही. वेचणीत भेटायची, ओळ सरली की थांबायची, पण समोरून माझ्या ओळीला लागायची नाही. घरी गेले की साखरेचा चहा द्यायची, पाहुणी असल्यासारखा.

पुढल्या उन्हाळ्यात रुपीचं पहिलं पत्र आलं. तिनं स्वतः लिहिलेलं, मास्तरांनीच शिकवलेल्या अक्षरात. पत्र आल्याचं मला तांड्यातल्या बायांकडून कळलं. मी अंगणात वाळवण घालत होते. मोतीबाई नदी उतरून आमच्या दारावरून आली, बांगड्यांचा आवाज आधी. पत्र तिच्या हातात होतं. मी उठले, हात पदराला पुसले.

तिनं पाणी मागितलं, उभ्यानंच प्याली. नागोरावांची तब्येत विचारली. मी म्हटलं, "ऊन लय हाय, बसा जरा."

"नाई," ती म्हणाली. "आर्णीचा पोस्टमास्तर जेवाले जाईन."

आर्णी तिथून चार मैल. तिनं पत्र ओढणीच्या टोकाला, त्या गाठीशेजारी बांधलं आणि रस्त्याला लागली.